मागच्या दारावरचा हात

आमच्या मोटार क्लबच्या वार्तापत्रात आल्विन ड्रेशर गेल्याची बातमी चार ओळींत आली. पहिल्या ओळीत त्याला क्लबचा जुना सभासद म्हटले होते; तो सभासद कधीच नव्हता. शेवटच्या ओळीत असे होते, की आपल्या वडिलांची हरवलेली गाडी सापडल्याचे समाधान घेऊन त्याने जगाचा निरोप घेतला. गाडी त्याला नकोच होती. हे मी क्लबचे अध्यक्ष डग ब्रॉडरिप यांना तोंडी सांगितले आणि नंतर लेखीही कळवले. पुढच्या अंकात जागा नाही, असे उत्तर आले. त्या पुढच्या अंकात क्रोमच्या पॉलिशवर अडीच पाने होती. हे वार्तापत्र बरीच वर्षे मी काढत होते, ही गोष्ट इथे बाजूला ठेवते. पण ज्या माणसाने जन्मभर कुणाकडे काही मागितले नाही, त्याचे एकुलते एक मागणेही चुकीचे छापले जावे, हे मला सोसवत नाही. म्हणून घडले ते लिहून ठेवते.

आल्विन हा आमच्या वॉलूरा गावच्या गव्हाच्या सायलोवरचा, म्हणजे कोठारावरचा, वजनकाट्याचा माणूस. सबंध उमेदीचा काळ त्याने काट्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत काढला. डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, हंगाम लागला, की भरलेल्या ट्रकांची रांग थेट कब्रस्तानापर्यंत जाई. ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढी, आल्विन त्याच्या हातात वजनाची चिठ्ठी देई आणि ‘चल, पुढे घे’ म्हणे. त्याचे वर्षभराचे बोलणे बहुधा त्या सहा आठवड्यांतच होत असावे. लग्न त्याने केले नाही. रुळांपलीकडच्या फळ्यांच्या घरात एकटा राही. रविवारी लुथरन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसे, आणि उपासनेनंतर बाकीचे लोक कॉफीचे कप घेऊन अंगणात घोळका करत, तेव्हा आपल्या वाट्याचा कुखनचा, म्हणजे जर्मन केकचा, तुकडा रुमालात बांधून घरची वाट धरी. गर्विष्ठ आहे, असे काही बायका म्हणत. मी त्याच्या समोरच्या घरात राहते. त्याने गर्व करावा असे त्या घरात काय होते, ते मला आजतागायत कळलेले नाही.

मी शाळेत इतिहास शिकवत असे; आता तो विषयच शाळेने बंद केला आहे. वयाने माझ्याहून कितीतरी मोठा असूनही आल्विन मला ‘बाई’ म्हणे. एका दुपारी तो माझ्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. आत या म्हटले तरी आला नाही.

“बाई, तुम्ही त्या गाडीवाल्यांत असता ना?”

“असते. चहा करायला.”

“मग एवढं विचाराल त्यांना? ही गाडी कुठली ते?”

पावाच्या कागदात गुंडाळलेला एक फोटो त्याने पुढे केला. उघड्या माळावर एक लांबलचक, कापडी छपराची गाडी उभी होती. चाकांचे आरे, बॉनेटच्या चिरा, सगळे कसे स्वच्छ आले होते. मागच्या दाराशी लांब बाह्यांचा पोशाख घातलेली एक तरुण बाई होती. तिचा डावा हात दाराच्या काठावर होता. हात अगदी स्पष्ट दिसत होता, बोटातली अंगठीसुद्धा. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पांढरट फराटा होता.

“आई,” तो म्हणाला. “हलली ती. कुणाकडे तरी बघायला मान वळवली असणार.”

“दुसरा फोटो नाही?”

“नाही. हाच.”

मग फाटकाची कडी उघडझाप करत त्याने जे सांगितले, ते तो एका दमात इतके बोललेला मी पहिल्यांदाच ऐकले. तो दोन वर्षांचा असताना आई घटसर्पाने गेली. बापाने तिचे कपडे, भांडी, शिवणयंत्र, सगळे वाटून टाकले आणि पुन्हा तिचे नाव काढले नाही. हुल्डा आत्याने त्याला वाढवले. हा फोटो आत्याच्या बायबलमध्ये होता. फोटो कधीचा, असे लहानपणी विचारले, तर ती म्हणे, ‘सदतीस सालच्या नाताळात गाडी आली, तेव्हाचा. तू कुठला असायला? तू त्यानंतरच्या मे महिन्यात जन्मलास.’

“तर मला गाडी नको बाई,” तो म्हणाला. “ते दार मिळालं तर बघायचंय. तिनं हात लावलाय अशी ही एवढीच वस्तू मला माहीत आहे. म्हटलं, मरायच्या आधी एकदा आपणही हात लावावा.”

क्लबची मासिक सभा गावच्या जुन्या सभागृहात भरते. आल्विनला मी बळेच नेले. तो दारालगतच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला. फोटो हातोहात फिरला आणि ब्रॉडरिप यांच्याकडे येताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“पॅकार्ड!” ते ओरडले. “अरे, हा रेडिएटरचा खांदा बघा! ड्रेशरच्या घरी पॅकार्ड! आणि आम्हाला पत्ता नाही! आल्विन, तुझा बाप तर म्हणे बूट सुतळीनं बांधायचा?”

“सुतळी मजबूत होती,” आल्विन म्हणाला.

सगळे हसले. तोही थोडा हसला असावा. मी फोटो मोठा करून आणला होता. पॅकार्डच्या चाकाच्या तुंब्यावर षट्कोन असतो. इथे तुंबा साधा गोल होता. चोविसाव्या सालापासून ब्यूइकने पॅकार्डसारखा दिसणारा रेडिएटर घातला, ही गोष्ट त्या खोलीतल्या निम्म्या माणसांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. पण अध्यक्षांच्या तोंडून एकदा पॅकार्ड निघाल्यावर कुणी बोलायला तयार नव्हते. मी बोलले.

“रोवीना,” ब्रॉडरिप म्हणाले, “चहाचं पाणी उकळलं का बघतेस जरा?”

पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच जाहीर केले, की बारकाईने अभ्यास करता ही गाडी ब्यूइक असल्याच्या निष्कर्षाप्रत आपण आलो आहोत.

एक मात्र मान्य केले पाहिजे. ब्यूइक ठरल्यावर क्लब झपाट्याने कामाला लागला. त्या मंडळींना माणसांत रस नसला, तरी गाडीच्या सांगाड्याच्या, म्हणजे चॅसीच्या, क्रमांकासाठी ती चिखलात पालथी झोपतील. फोटोत गाडीच्या पुढच्या दांडीला लोखंडाचा एक पीळदार आकडा होता, पाण्याची कॅनव्हासची पिशवी अडकवण्याचा. तो कारखान्याचा नव्हता. एखाद्या लोहाराने हाताने पिळलेला होता. एका म्हाताऱ्या सभासदाला आठवले, की तसलाच आकडा असलेली एक ब्यूइक त्याच्या मामाकडे खताची पोती वाहत असे, मागे फळ्यांचा हौदा बसवलेली. मामाच्या शेतीचा लिलाव झाला तेव्हा ती समुद्राकडचा कुणीतरी घेऊन गेला. तिथून दोन-तीन हात बदलत ती नेव्हिल प्राउज नावाच्या निवृत्त दंतवैद्याकडे पोहोचली होती. ब्रॉडरिप यांनी त्यांना फोन लावला.

“आकडा? पिळाचा?” पलीकडून आवाज आला. “आहे की! मूळचा नव्हता म्हणून मी काढून टाकला. खिळ्यांच्या डब्यात पडलाय कुठंतरी.”

सभागृहात टाळ्या पडल्या. “सापडली रे तुझी गाडी, म्हाताऱ्या!” म्हणून कुणीतरी आल्विनच्या पाठीत थाप मारली. तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला, आणि त्याने मला हळूच विचारले, “दाराचं काही म्हणाले का ते?”

दाराचे कुणी विचारलेच नव्हते. आमच्या क्लबात एक अलिखित नियम आहे: चॅसी जिथे, तिथे गाडी. चॅसी सापडली, की शोध संपला.

आम्ही तिघे प्राउज यांच्याकडे गेलो. चार तासांच्या प्रवासात ब्रॉडरिप बोलत होते. आल्विन मागे बसला होता, चर्चचा काळा कोट घालून. नखे त्याने इतकी घासली होती, की बोटांची टोके लाल झाली होती.

प्राउज यांची शेड एखाद्या शस्त्रक्रियागृहासारखी होती. मधोमध निळी ब्यूइक. जुन्या गाड्यांच्या लोकांत एक शिस्त पाळतात: दुसऱ्याच्या गाडीजवळ जाताना हात पाठीमागे बांधायचे, म्हणजे कोटाची गुंडी किंवा अंगठी रंगाला लागत नाही. ब्रॉडरिप यांनी दारातच हात मागे नेले. मीही नेले, सवयीने. आल्विनने आमच्याकडे बघितले आणि त्यानेही नेले. असे आम्ही तिघे, शिक्षा झालेल्या मुलांसारखे, गाडीभोवती फिरलो. मागच्या डाव्या दाराशी आल्विन थांबला.

“हात लावला तर चालेल?”

“थांबा, थांबा.” प्राउज यांनी खिशातून पांढरा सुती हातमोजा काढून दिला. “कसंय, हाताचं तेल रंगात उतरतं.”

आल्विनने मोजा चढवला. उंचावलेला हात तसाच ठेवून तो म्हणाला, “हे दार जुनंच ना?”

“जुनं?” प्राउज खूश होऊन हसले. “अहो, पुढच्या सीटच्या मागं हिच्यात काही जुनं नाही! मला मिळाली तेव्हा हौद्याची यूट होती ही, माल वाहायची. युद्धात कापलेली. मागचं सगळं नव्यानं करून घेतलं, लाकडापासून. मूळ आराखड्याबरहुकूम. तुम्हाला फरक ओळखू येणार नाही!”

यात नवल नव्हते. युद्धात पेट्रोल कुपनांवर आले, मालवाहू गाडीला कुपने जास्त मिळू लागली, आणि आमच्या विमेरा भागातल्या मोठमोठ्या गाड्यांच्या पाठी करवतीखाली गेल्या. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. यूट म्हणून ती पोती वाहत होती, हेही ठाऊक होते. तरी आमच्यापैकी एकालाही चार तासांच्या वाटेत ते सुचू नये!

आल्विनने मोजा काढला, त्याची नीट घडी केली आणि तो परत दिला. दाराला हात लावला नाही. मात्र तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि दाराचा खालचा भाग बघत बराच वेळ तसाच राहिला. मागच्या चाकाच्या मडगार्डाला जागा मिळावी म्हणून त्या दारांचा खालचा एक कोपरा कमानीसारखा कापलेला असतो.

“सगळं सोडून काय बघतोयस तिथं?” ब्रॉडरिप म्हणाले. “चल, इकडं उभा राहा. फोटो काढू. हसून रे जरा, गाडी मिळालीय तुला!”

तोच फोटो पुढे वार्तापत्रात आला, ‘सापडली!’ या मथळ्याखाली. आल्विनचे हात त्यातही पाठीमागेच आहेत.

परतीच्या वाटेवर ब्रॉडरिप पेट्रोल भरायला उतरले, तेव्हा मागून आवाज आला.

“बाई. आमच्या खुराड्याच्या दाराला एक कोपरा नव्हता.”

मी मागे वळले.

“कमानीसारखा कापलेला. कोल्हा शिरायचा तिथून. म्हणून हुल्डा आत्यानं फळखोक्याची फळी ठोकली होती. वरनं सगळं डांबर फासलेलं. मला वाटायचं, कसलातरी भंगार पत्रा. अंडी काढायला रोज मीच जायचो. शाळेच्या आधी. शाळा सुटली तरी मीच. कडी कोंबड्यांच्या मानानं भारी होती, एवढं कळायचं.”

ब्रॉडरिप परत आल्यावर त्यांना मी हे सांगितले. त्यांनी गाडी सुरू केली.

“असेल, असेल,” ते म्हणाले. “पण चॅसी तर मिळाली ना!”

ड्रेशरांची शेती केव्हाच विकली गेली होती आणि आता एका कंपनीच्या ताब्यात होती. व्यवस्थापकाला फोन केला. तो म्हणाला, “न्या हवं ते. पेरणीआधी सगळं सपाट करायचंय आम्हाला.” त्याच आठवड्यात आम्ही दोघे गेलो. फेब्रुवारी होता, उन्हाळा ऐन भरात. घराचे धुराडे तेवढे उभे होते. तळ्याकाठच्या, मिरीसारखी फळे येणाऱ्या पेपर ट्रीखाली खुराडे एका कुशीवर कलले होते, आणि त्याला ते दार होते. डांबर जागोजागी सुटले होते. खाली मूळचा हिरवा रंग दिसत होता. कमानीत फळीही होती, आत्याच्या खिळ्यांसह.

कडीकडे आल्विनने पाहिलेसुद्धा नाही. तिला त्याचा हात हजारदा लागला होता. खिशातून त्याने फोटो काढला, दाराच्या वरच्या काठाशी धरला, आईची बोटे कुठे येतात ते दोनदा पाहिले, आणि फोटो मला देऊन नेमक्या त्या जागी पंजा ठेवला.

आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटकाच बसला होता. भर दुपारच्या उन्हात पत्रा तव्यासारखा तापला होता.

इतक्या वर्षांनी, एवढी यातायात करून, आणि हे. तो तळहाताकडे बघत होता.

“बाई, नाताळात इतकंच ऊन असतं.”

“असतं.”

“मग तिनं हात ठेवलाच नसता. एवढा निवांत तर नाहीच. बघा ना, कसा टेकलाय.” त्याने फोटो माझ्याकडून घेतला. “आणि बाह्या. लांब आहेत. हा हिवाळ्यातला फोटो आहे. आत्या चुकली. गाडी नाताळात आली, म्हणजे पुढचा हिवाळा. नाहीतर त्याच्या पुढचा. म्हणजे मी होतो तिथं.” आवाज न चढवता तो म्हणाला, “मी होतो बाई. कुठंतरी बाजूला. रडलो बिडलो असेन. म्हणून तिनं मान वळवली.”

पुराव्याची छाननी करायला मी आयुष्यभर मुलांना शिकवले. दक्षिणेचा वारा सुटला, की आमच्याकडे डिसेंबरातही एखादा दिवस स्वेटर घालण्याइतका गार निघतो. आणि लांब बाह्या त्या काळच्या लुथरन बायका बारा महिने घालत. हे मला ठाऊक होते. त्यालाही ठाऊक असणार. तो तिथेच जन्मला होता. मी म्हटले, “हो. हिवाळ्यातलाच.”

बिजागऱ्या गंजून घट्ट बसल्या होत्या. दार सुटायला संध्याकाळ झाली.

घरी त्याने ते स्वयंपाकघरात, हिवाळ्याचे ऊन येते त्या उत्तरेच्या खिडकीशी भिंतीला टेकवून ठेवले. घासले नाही, रंगवले नाही. हिवाळ्यात एकदा मी सूप घेऊन गेले, तर चहाचा कप एका हातात धरून तो दाराजवळ खुर्ची ओढून बसला होता आणि दुसरा हात दारावर होता. मला बघून त्याने तो काढला नाही.

“आता ठेवता येतो बघा,” तो म्हणाला. “जुलैत बरोबर असतो.”

असे त्याला दोन हिवाळे मिळाले. दुसऱ्याच्या अखेरीस घरपोच जेवण देणाऱ्या बाईला तो गेलेला आढळला. अंत्यविधीला चर्चमध्ये शेवटचा बाक रिकामा होता, आणि पुढचेही बरेच.

घर आवरायला चुलतभावाची मुलगी ॲडलेडहून आली. तिचा काही दोष नाही. स्वयंपाकघरात गंजके दार कशासाठी, हे तिला कोण सांगणार? त्या आठवड्यात मी बहिणीकडे होते. तिने क्लबला विचारले, ब्रॉडरिप यांनी प्राउजना कळवले, आणि ते स्वतः येऊन मोठ्या आदराने दार घेऊन गेले.

यंदाच्या ईस्टरला जुन्या गाड्यांचा मेळा आमच्या गावात भरला. ब्यूइक पहिल्या रांगेत होती. डाव्या बाजूला एक सुबक पाटी होती: ‘मूळ दार, पुनःस्थापित.’ डांबर गेले होते, गंज गेला होता, आत्याच्या खिळ्यांची भोके भरून टाकली होती. काठावर निळ्या रंगाचे सात थर चढवले आहेत, असे प्राउज येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

“शेवटी पुरी झाली गाडी,” ते मला म्हणाले. “आल्विनला किती बरं वाटलं असतं, नाही?”

लोक येत होते, हात पाठीमागे बांधून बघत होते, पुढे जात होते. मी पिशवी खाली ठेवली. फोटो माझ्यापाशी नव्हता, पण जागा मला पाठ होती. एप्रिलची सकाळ होती. पत्रा गार होता. मी काठावर हात टेकवला, उघडा, अंगठीसकट.

“रोवीना! अगं, हात!” मागून ब्रॉडरिप ओरडले.

हाक आली तशी मी मान वळवली. हात मात्र होता तिथेच ठेवला.